राख, रिठा आणि साबणाची वडी

लावणी उरकली की चार दिवस मी दिंडोशीला मुलाकडे येतो. यंदा आल्या आल्या नातीनं विचारलं, "आबा, शाळेत लिहून न्यायचंय. पर्यावरणाला चांगला, हात धुवायचा साबण कोणता?" मी दहावी शिकलेला शेतकरी. पण हातांबद्दल मला थोडंफार कळतं.

आमच्या लहानपणी, संगमेश्वर तालुक्यात, हाताला चुलीतली राख असायची. लाकडाच्या राखेत खार असतो, तो तेलकटपणा सोडवतो. केसांना शिकेकाई, कपड्यांना रिठा. न्हाणीचं पाणी मागच्या अळवाला आणि केळीला जायचं. म्हणजे हाताला लावलेलं शेवटी आपल्याच ताटात यायचं.

पण जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. राखेनं आईच्या हातांना भेगा पडायच्या. रिठ्याचं पाणी डबक्यात जास्त झालं की मासे उताणे होतात. आणि परसाकडून आल्यावर आम्ही हात मातीनं चोळायचो, त्याच मातीत रोग असायचा. माझा धाकटा भाऊ पावसाळ्यात जुलाबानं गेला. तीन वर्षांचा होता. त्यानंतर आईनं बाजारातून साबण आणला, दोऱ्यानं कापून वडीचे दोन तुकडे केले आणि एक खास हात धुवायला ठेवला.

साबण तसा आपल्याकडे उशिराच रुळला. 1888 साली विलायती सनलाइटच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. त्या काळी बऱ्याच साबणांत जनावराची चरबी असे, म्हणून कित्येक घरांत तो चालत नसे. 1918 साली अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलाचा 'चावी' साबण काढला, तेव्हा ती अडचण मिटली.

आता मुलाच्या घरी प्लास्टिकच्या बाटलीतला पातळ साबण आहे. एकदा दाबलं की गरजेपेक्षा जास्तच येतो. त्यावर 'जंतुनाशक' लिहिलेलं. अमेरिकेच्या सरकारनं 2016 साली ट्रायक्लोसानसकट 19 रसायनं हात धुवायच्या साबणांतून काढायला लावली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ती सरस आहेत, हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. तेलाचंही तसंच. वनस्पती तेल म्हटलं तरी ते पामचं असेल, तर त्यासाठी इंडोनेशिया-मलेशियात जंगलं तुटलेली आहेत. आणि आपल्या मोरीतलं पाणी गटारानं, नाल्यानं शेवटी खाडीकडेच जातं. गावी सांडपाणी अळवात दिसतं, इथं दिसत नाही, एवढाच फरक.

मग नातीला सांगितलं : कागदात गुंडाळलेली साधी वडी घे, उग्र वासाची नको. काथ्यावर कोरडी ठेव, म्हणजे विरघळून वाया जात नाही. नळ बंद करून वीस सेकंद फेस चोळ.

तिनं विचारलं, "आणि पहिलं वाक्य काय लिहू?"

मी म्हटलं, "लिही, साबण कोणताही असो, आधी हात धुवा."

माझ्या भावाचं मी तिला नंतर सांगितलं.