कंपनी बुडते, देणे कोणाचे?

पूर्वी पेढी बुडाली की मालकाच्या घरादारावर जप्ती येई. बँका व विमा वगळता इतर कंपन्यांच्या भागधारकांची जबाबदारी भागाच्या रकमेपुरती मर्यादित करण्याची सोय हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्याने झाली. भांडवल निर्धास्त झाले. पण आम्हां कामगारांच्या थकलेल्या पगाराचे काय? गहाण घेणारा सावकार पुढे, आम्ही मागे! कंपनी मोडीत काढताना कामगारांचेही ऐकले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली मान्य केले. १९८५ च्या दुरुस्तीने आम्ही गहाणदाराच्या पंक्तीस बसलो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने मात्र ही बरोबरी शेवटच्या २४ महिन्यांच्या देण्यापुरतीच ठेवली. भागधारकाच्या जबाबदारीला मर्यादा घातली, हे आम्ही समजू शकतो. कामगाराच्या घामाच्या दामाला मर्यादा कशासाठी?