मुंबईची पांजरपोळ : एका दंग्यातून उगवलेली भूतदया

गृहस्थाश्रमी माणसाने नित्य करावयाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ हा एक यज्ञ सांगितलेला आहे. स्वतः अन्न ग्रहण करण्यापूर्वी गाईचा, कावळ्याचा, कुत्र्याचा आणि मुंगीचाही वाटा बाजूला काढून ठेवावा, असा त्याचा साधा अर्थ. आपल्या घरांतून गोग्रास आणि काकबळी ह्या रूपाने ही चाल अजूनही टिकून आहे. श्रीदत्तात्रेयाच्या पायांशी चार श्वान उभे असतात, मल्हारी मार्तंडासमवेत कुत्रा असतो, आणि स्वर्गाच्या दाराशी पोहोचलेला धर्मराज सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून आत जाण्यास नकार देतो. तहानेने व्याकूळ झालेल्या गाढवाच्या मुखी काशीहून आणलेली गंगा ओतणाऱ्या नाथांची कथा तर महाराष्ट्रात आबालवृद्धांस ठाऊक आहे.

परंतु ही सारी भूतदया एका माणसाची, एका घराची, एका क्षणाची आहे. खेड्यात तेवढी पुरत असे. प्रश्न उभा राहतो तो नगरात. जेथे हजारो घरे दाटीने वसलेली आहेत, जेथे रस्त्यावरचे जनावर कोणाच्याच मालकीचे नाही, तेथे ओंजळभर अन्न पुरे पडत नाही. तेथे जागा लागते, चारा लागतो, पाणी लागते, राबणारी माणसे लागतात आणि ह्या सर्वांसाठी वर्षानुवर्षे न आटणारा पैसा लागतो. वैयक्तिक पुण्याचे सामाजिक संस्थेत रूपांतर कसे होते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने मुंबईच्या पांजरपोळीचा इतिहास अवश्य पाहावा.

जनावरांच्या शुश्रूषेची कल्पना आपल्या देशास नवी नव्हे. गिरनार येथील सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची आणि पशूंची अशा दोन्ही प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. ह्याच सम्राटाच्या शिलालेखांचे अवशेष मुंबईच्या उत्तरेस असलेल्या सोपाऱ्यासही सापडले आहेत. पुढे गुजरातेत, विशेषतः जैन व वैष्णव व्यापाऱ्यांच्या नगरांत, ही परंपरा दृढ झाली. सोळाव्या-सतराव्या शतकांत खंबायतेस आलेल्या युरोपीय प्रवाशांनी तेथील आजारी पक्ष्यांचे व जनावरांचे दवाखाने पाहून मोठे आश्चर्य व्यक्त केले आहे. पांजरपोळ हा शब्दही त्याच बाजूने आपल्याकडे आला. व्यापाराच्या निमित्ताने गुर्जर व पारशी मंडळी मुंबई बेटात येऊन राहिली, तेव्हा आपल्या पेढ्यांबरोबर त्यांनी हा संस्कारही आणला.

त्या काळची मुंबई म्हणजे निरनिराळ्या धर्मांच्या व भाषांच्या लोकांनी गजबजलेले, वाढत चाललेले बंदर होते. कोटाच्या आत इंग्रजांची व पारशांची वस्ती, बाहेर देशी लोकांची दाट वस्ती, आणि दोन्हीकडे मोकाट कुत्र्यांचा सुळसुळाट. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने रोग जडला की मृत्यू ठरलेलाच असे; त्यावर उपाय असा काही नव्हता, कारण पाश्चरची लस यावयास १८८५ साल उजाडायचे होते. तेव्हा सरकारास कुत्र्यांची भीती वाटत होती, ती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. १८१३ पासून उन्हाळ्याच्या व पावसाळा संपतानाच्या ठराविक दिवसांत बेवारशी कुत्री मारण्याचा नियम अंमलात होता. १८३२ साली ही उन्हाळ्यातली मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेण्यात आली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवण्यात आले.

त्या आठ आण्यांनी सारा घोटाळा केला. पैशाच्या लोभाने शिपाई व कुत्रे मारणारे लोक मोकाट कुत्रे कोणते आणि कोणाच्या ओसरीवरचे कोणते, हा विवेक करीनासे झाले. घरांच्या दारांतून कुत्री ओढून काढून मारल्याच्या तक्रारी होऊ लागल्या. ६ जून १८३२ हा पारशी समाजाचा पवित्र दिवस होता. झरथुष्ट्री धर्मात कुत्र्यास फार मोठे स्थान आहे. मृताचे अंत्यविधीदेखील कुत्र्याची दृष्टी त्यावर पडल्यावाचून पुरे होत नाहीत. अशा समाजाच्या डोळ्यांदेखत, अशा दिवशी, हा प्रकार घडला. संतापलेल्या जमावाने कोटात दोन शिपायांस गाठून चोप दिला.

दुसऱ्या दिवशी प्रकरण एका समाजापुरते राहिले नाही. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि खोजेही उठले. बाजारपेठ बंद पडली, दुकानांना कुलुपे लागली आणि कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रोजची सामग्री वाटेतच अडविण्यात आली. सरकारने लष्कर बोलाविले, दंग्याविरुद्धचा कायदा वाचून दाखविला आणि अनेकांस पकडले. इतिहासात ‘मुंबईचा कुत्र्यांचा दंगा’ म्हणून प्रसिद्ध असलेली घटना ती हीच. गोव्यात १८१५ साली जन्मलेले आणि लहानपणीच मुंबईस आलेले गोविंद नारायण माडगावकर ह्या सुमारास सोळा-सतरा वर्षांचे होते. पुढे १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहून ह्या शहराचे पहिले मोठे चरित्र मराठीत आणणाऱ्या ह्या कोंकणी माणसाचे तारुण्य अशा मुंबईत फुलत होते, हे येथे सहज ध्यानात येते.

आता येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, दंगा पुष्कळ ठिकाणी होतो. पण दंग्यानंतर काय होते ह्यावरून त्या समाजाची योग्यता ठरते. संताप दोन दिवसांत निवतो. पकडलेल्यांवर खटले चालले, काहींना शिक्षाही झाल्या. शहरातील प्रमुख व्यापाऱ्यांनी, त्यांत जमशेटजी जीजीभाई अग्रभागी होते, सरकारकडे अर्ज-विनंत्या करून प्रकरण निवविण्याचा यत्न केला. कुत्री सरसकट मारण्याऐवजी ती शहराबाहेर हलवावी, हा मार्ग पुढे आला. परंतु हलवावी कोठे? आणि तेथे त्यांस पोसावे कोणी? सरकार हा खर्च उचलणार नव्हते. ‘मारू नका’ असे म्हणणाऱ्यांवरच ‘मग सांभाळा’ ही जबाबदारी येऊन पडली. आणि त्यांनी ती स्वीकारली, ह्यातच त्यांचा मोठेपणा आहे.

१८ ऑक्टोबर १८३४ रोजी मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. संस्थापकांत एक पारशी आणि एक जैन अशी दोन नावे ठळक आहेत : सर जमशेटजी जीजीभाई व मोतीशहा शेठ ह्या नावाने लोकांस परिचित असलेले मोतीचंद अमीचंद. दोघेही जहाजांच्या व्यापारात मुरलेले, दोघेही दानशूर. जमशेटजींचे नाव आजही रुग्णालय, कलाशाळा अशा संस्थांशी जोडलेले आहे. गुरांसाठी ठाकुरद्वाराजवळ त्यांनी चराऊ कुरण विकत घेऊन मोकळे केले आणि त्यावरून त्या भागास चर्नी हे नाव पडले, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. मोतीशहांची कीर्ती भायखळ्याच्या जैन मंदिराने व शत्रुंजयावरील देवालयांनी टिकवून धरली आहे. १८३६ साली, म्हणजे पांजरपोळ उभी राहिल्यावर दोनच वर्षांनी, ते निवर्तले. भुलेश्वराच्या परिसरात, आज सी. पी. टँक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेजवळ, ही संस्था वसली. आरंभी तेथे ज्यांस आश्रय द्यावयाचा होता ते प्राणी मुख्यत्वे कुत्री व डुकरे होते, ही गोष्ट आज पुष्कळांस ठाऊक नसते.

जागा मिळाली, इमारत झाली, म्हणजे संस्था झाली असे नव्हे. थोर पुरुषाची देणगी ही पावसाच्या सरीसारखी असते, आणि जनावरांचे पोट तर रोजचे. ह्या अडचणीवर त्या व्यापाऱ्यांनी जो तोडगा काढला तो त्यांच्या व्यवहारकुशल बुद्धीस शोभणारा होता. त्यांनी आपण होऊन आपल्याच व्यापारावर ‘लागा’ बसविला. कापूस, साखर अशा जिन्नसांच्या सौद्यांवर आणि हुंड्यांवर अगदी बारीकशी रक्कम पांजरपोळीसाठी बाजूला काढावयाची, असा महाजनांचा ठराव. हा सरकारी कर नव्हता. तो न देणाऱ्यास तुरुंग नव्हता. परंतु ज्याच्याशी उद्या सौदा करावयाचा त्याच्या डोळ्यांसमोर आपली अब्रू राहावी, ही भावना कोणत्याही शिपायापेक्षा अधिक बलवत्तर होती.

ह्या योजनेतील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. दान हे दात्याच्या मनःस्थितीवर अवलंबून न राहता व्यवहाराच्या ओघात आपोआप घडत होते. रक्कम इतकी लहान की ती कोणासही जड वाटू नये, आणि सौदे इतके पुष्कळ की गंगाजळी भरत राहावी. शहराचा व्यापार वाढला की मुक्या प्राण्यांचा वाटाही वाढे. गृहस्थाने ताटातला पहिला घास काढून ठेवावा, तसाच हा बाजारपेठेने काढून ठेवलेला घास होता. भूतयज्ञाचे नगरातील रूप ह्याहून निराळे ते काय असणार?

कालांतराने शहरातील जागा अपुरी पडू लागली, आणि मुंबईबाहेर भिवंडीकडे व चेंबूरास संस्थेने आपली जनावरे ठेवण्याची सोय केली. महाराष्ट्रातील इतर गावीही पांजरपोळी निघाल्या; नाशिकची पंचवटी पांजरपोळ १८७८ पासूनची समजली जाते.

इतके सांगितल्यावर दुसरी बाजू न सांगणे सत्याशी प्रतारणा होईल. पांजरपोळींवर टीका पुष्कळ झाली आणि ती सर्वच द्वेषमूलक नव्हती. प्राणी मरू न देणे आणि त्याच्या वेदना कमी करणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. दाटीवाटीत कोंडलेली, जखमांनी कण्हणारी, रोगाने एकमेकांस ग्रासणारी जनावरे पाहून परकीय पाहुण्यांनी विचारले की, ही दया म्हणावी की केवळ हत्येचे पातक टाळणे? ह्या प्रश्नास उत्तर मिळाले ते विद्येकडून. १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालणारी मंडळी स्थापन झाली. पुढच्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट ह्यांच्या औदार्याने परळ येथे बाई साकरबाई ह्यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले, आणि त्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यकाचे महाविद्यालय सुरू झाले. पांजरपोळीने आश्रय दिला, परळने औषध दिले. एकीवाचून दुसरे अपुरेच होते. स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांच्या प्रयत्नांस फळ येऊन १९६० साली प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला, आणि ज्या भावनेपायी १८३२ मध्ये दंगा झाला तिला देशाच्या विधीत स्थान मिळाले.

आज भुलेश्वराच्या गजबजाटात पांजरपोळीच्या दारातून आत पाऊल टाकले की शेकडो गाई-वासरे दिसतात. मकरसंक्रांतीस चारा घालण्यासाठी तेथे रीघ लागते. चेंबूरला तर पांजरपोळ हे नाक्याचेच नाव होऊन बसले आहे. पूर्व मुक्त मार्गावरून धावणाऱ्या वाहनांतील किती जणांस त्या नावामागे एक दंगा आणि एक ठराव दडला आहे ह्याची कल्पना असेल? ज्या कुत्र्यांपायी संस्था जन्मास आली, त्यांची जागा मात्र काळाच्या ओघात गाईंनी घेतली.

आणि कुत्र्यांचा प्रश्न? तो दोन शतकांनंतरही आपल्या दाराशी उभा आहे. मुंबईत मोकाट कुत्री मारण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद झाली. त्यांची नसबंदी करून व लस टोचून त्यांस पूर्वीच्या जागी सोडावे, असे नियम २००१ व पुन्हा २०२३ साली झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतील कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि अवघ्या ११ दिवसांत तो बदलून, पिसाळलेली वा आक्रमक कुत्री वगळता इतरांना लस देऊन परत सोडण्यास सांगितले. दंशाची भीती खरी, आणि दयाही खरी. १८३२ मध्येही हे दोन्ही खरेच होते. भेद इतकाच की, आज आपल्या हाती लस आहे, शस्त्रक्रिया आहे. उणीव आहे ती ‘मग सांभाळा’ ह्या शब्दांस उत्तर देणाऱ्या महाजनांची.

देवस्थानांभोवती नांदणाऱ्या आपल्या समाजाने ह्या इतिहासातून दोन गोष्टी घ्याव्यात, असे वाटते. पहिली द्रव्याची. पर्वकाळी एकदाच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा दर महिन्यास न चुकता दिलेली लहान रक्कम निवाऱ्यास अधिक उपयोगी पडते, कारण चारा आणि औषध रोज लागते. देवळाच्या प्रत्येक पावतीमागे, प्रत्येक अभिषेकामागे एक बारीक वाटा मुक्या जिवांसाठी काढण्याचा ठराव कोणत्याही व्यवस्थापक मंडळास करता येईल; लागा ह्याहून निराळा नव्हता.

दुसरी गोष्ट श्रमाची व ज्ञानाची. सणाच्या दिवशी भक्तिभावाने गाईपुढे ढीगभर भात, पोळ्या, गूळ ठेवला जातो. परंतु असे अन्न एकाच वेळी फार झाले तर रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्ल वाढते आणि त्यापायी ते दगावूही शकते. नैवेद्याबरोबर टाकलेली प्लास्टिकची पिशवी तर गाईच्या पोटात कायमची राहते. अशा वेळी भक्ताने आणलेला घास नव्हे, तर हिरवा चारा, स्वच्छ पाणी आणि गोठा झाडणारे दोन हात हीच खरी सेवा ठरते. आठवड्यातून एक सकाळ जो तरुण निवाऱ्यात शेण काढील, जखमी कुत्र्यास धरून पशुवैद्यास साहाय्य करील, त्याच्या पदरी पडणारे पुण्य कोणत्याही यात्रेहून उणे नाही.

मोतीशहा आणि जमशेटजी ह्यांचे देव निरनिराळे होते, भाषा एक होती आणि बाजारपेठ एक होती. परंतु जनावराच्या वेदनेस धर्म नसतो, हे त्यांनी ओळखले, आणि संतापाने बंद केलेली दुकाने पुन्हा उघडल्यावर त्याच दुकानांच्या गल्ल्यांतून तिच्यासाठी वाटा काढला. गर्दी जमविणे सोपे आहे. गर्दी पांगल्यावर चाऱ्याचा हिशेब लिहीत बसणे, हेच कठीण. आणि तेच टिकते.