परळचे के. ई. एम. आणि देणगीतील एक अट

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत आधुनिक वैद्यकाचे पदवीशिक्षण १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात मिळत असे. परंतु या सरकारी संस्थेतील अध्यापनाच्या वरच्या जागा प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसकडे, म्हणजे मुळात लष्करासाठी उभारलेल्या आणि बहुतांशी ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या वैद्यकीय सेवेकडे असल्यामुळे, विलायतेतील उच्च पदव्या घेऊन परतलेल्या भारतीय डॉक्टरांना तेथे शिकवण्याची संधी क्वचितच लाभे. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या महाविद्यालयासाठी देणगी देताना, येथील अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, स्वतंत्र आणि पात्र भारतीयच असावेत, अशी जी अट घातली, तिच्यामागे ही सल होती. मुंबई महानगरपालिकेने ती मान्य केली आणि १९२६ साली परळच्या गिरणगावात महाविद्यालय व रुग्णालय उभे राहिले. रुग्णालयाला मात्र सातव्या एडवर्ड बादशहाचे नाव मिळून ते किंग एडवर्ड मेमोरियल, म्हणजेच के. ई. एम., झाले, हा त्या काळाच्या व्यवहारातील एक गमतीदार विरोधाभासच म्हणावा लागेल.

पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता हे गांधीजींच्या निकटच्या वर्तुळातील होते आणि १९६० साली ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत जी घडी बसली तिचे मर्म असे, की रुग्णसेवा, अध्यापन आणि संशोधन ही कामे एकाच विभागात चालावीत; त्यामुळे एखाद्या अवयवापुरत्या किंवा रोगापुरत्या विशेष ज्ञानावर उभ्या असलेल्या सेवा येथे अध्यापकांच्या संशोधनातून वाढत गेल्या.

शल्यचिकित्सक डॉ. पी. के. सेन हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या भिंतीला आतल्या कप्प्यातील रक्त थेट मिळते, हे ध्यानात घेऊन त्यांनी १९६५ च्या सुमारास हृदयाच्या स्नायूला सुईने छिद्रे पाडून रक्तपुरवठा वाढवण्याची पद्धत मांडली, आणि पुढे लेसरने अशी छिद्रे पाडण्याचे जे तंत्र जगभर आजमावले गेले त्याची पूर्वपीठिका येथे सापडते. १९६८ च्या फेब्रुवारीत, केपटाउनमधील पहिल्या हृदयप्रत्यारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांच्या आत, सेन यांनी के. ई. एम. मध्ये आशियातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासांतच दगावला. या प्रयत्नाचे मोजमाप केवळ त्या मृत्यूवरून करणे अन्यायाचे ठरेल, कारण मेंदूचे कार्य कायमचे थांबले असता हृदय धडधडत असूनही मृत्यू मानावा, ही कल्पना तेव्हा भारतीय कायद्यात नव्हती. ती मान्य करणारा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण पार पडले.