मानमोडीच्या साली

आजीला वय विचारलं तर ती साल सांगायची नाही, साथ सांगायची. प्लेगात तिचा मामा गेला, आणि मानमोडीच्या साली, तेराव्या वर्षी, लग्न होऊन ती सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी आली. मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएन्झा. "मानच धरंना माणसाची, पडली की पडलीच," एवढाच त्या नावाचा तिनं सांगितलेला अर्थ.

पुढं वाचनात आलं, की त्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरचे सात पोलीस शिपाई तापानं इस्पितळात दाखल झाले आणि बघता बघता शहर खोकू लागलं. मग पावसानं ओढ दिली, धान्य महागलं, आणि सप्टेंबरात अर्धपोटी माणसांवर दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसं गेली. आगगाडीनं घरी परतणाऱ्यांबरोबर ताप गावोगाव पोचला. आजीच्या लेखी याची तारीख एकच: "दसऱ्याच्या टायमाला."

गावाला साथीचा एकच धडा पाठ होता, तोही प्लेगानं शिकवलेला. उंदीर पडला की घर सोडायचं आणि माळावर झोपड्या घालायच्या. प्लेगाला ते लागू पडायचं, कारण तो उंदरांवरच्या पिसवांतून येतो. मानमोडीतही लोक तसेच माळावर गेले. मोकळ्या हवेत निजा, गर्दी टाळा, असं सरकारी डॉक्टरही सांगत होते, आणि ते चूक नव्हतं. पण हा आजार खोकल्या-शिंकेतून येणारा, माणसाला कणकण जाणवायच्या आदल्या दिवशीच दुसऱ्याला लागू शकणारा. एका झोपडीत आठ जण दाटीनं निजले, मग माळ असला काय नि वाडा असला काय! त्याचा विषाणू माणसात सापडला तो १९३३ साली. तोवर सगळा अंधारातलाच कारभार.

आमच्या घरी मात्र आजीच्या सासूनं एक गोष्ट केली. ती तिला कुणी सुचवली, देव जाणे. धडधाकट राहिलेल्या नव्या सुनेला तिनं गोठ्याशेजारी कडब्यावर वेगळं निजवलं. भाकरी आणि पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवायचा, ठेवणारीनं मागं सरायचं, मग आजीनं पुढं होऊन उचलायचा. ठेवणारी होती थोरली जाऊ, आजीची आक्का. घरात सात माणसं आडवी, आणि हिंडतीफिरती ती एकटी. अंगात ताप घेऊनच ती सगळ्यांचं करत होती. चौथ्या दिवशी तांब्या आला नाही.

हिंदुस्थानात त्या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावल्या. अभ्यासक त्याची कारणं देतात ती आजाऱ्यांच्या शुश्रूषेची आणि उपासमारीची. आमच्या घरात दोन्ही एकाच बाईत होती.

२००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची साथ भडकली. देशातला पहिला बळी याच शहरातला. शाळा बंद, तोंडाला रुमाल, खिशात कापूर-वेलचीची पुरचुंडी. (पुरचुंडीनं काही होत नाही हे ठाऊक असून मीही ती बाळगली.) तेव्हा घरी एक पत्रक आलं होतं. हात साबणानं धुवा, खोकताना तोंडावर रुमाल धरा, नसेल तर कोपरात खोका, ताप उतरल्यावरही एक दिवस घरी थांबा, आजाऱ्याला वेगळी खोली द्या, खिडक्या उघड्या ठेवा. सगळं खरं. शेवटची सूचना होती, की आजाऱ्याचं करायला शक्यतो घरातली एकच व्यक्ती असावी. तीही बरोबरच, संसर्ग तेवढाच आटोक्यात राहतो. मी मात्र त्या ओळीशी बराच वेळ अडून बसलो.

लहानपणी आमच्या गल्लीत कुणी तापानं पडलं, की बायका ताप किती, औषध कुणाचं, हे विचारायच्या. आजी काठी टेकत उंबऱ्यापर्यंत जायची, आत पाऊल टाकायची नाही, आणि पहिलं विचारायची, "करणारी जेवली का?" हो म्हटलं तरी तिचं समाधान व्हायचं नाही. तिला बाहेर बोलवून घ्यायची आणि तोंड बघूनच परत फिरायची.