प्ले कुठे आहे? जुन्या ट्रकचे स्टिअरिंग आणि त्याचा इतिहास

साताऱ्याहून कराडकडे किंवा पेठ नाक्यावरून सांगलीकडे जाताना रस्त्याकडेच्या गॅरेजात एखादा जुना ट्रक पुढून जॅकवर उचललेला दिसतो. मिस्त्री पुढचे चाक एका हाताने वर आणि एका हाताने खाली धरून हिसका देतो. चाक किंचित डुलते. मग तो क्लीनरला ब्रेक दाबून धरायला सांगतो आणि पुन्हा हिसका देतो. पाहणाऱ्याला ही नुसती हाणामारी वाटेल. प्रत्यक्षात तो एक नेटका प्रयोग करत असतो. त्याचा अर्थ समजण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

आपल्या बैलगाडीला स्टिअरिंग नसते. दोनच चाके असल्यामुळे बैल वळले की गाडी वळते. अडचण आली ती चारचाकी गाडीत. युरोपातील घोडागाड्यांत पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळीभोवती फिरत असे. वळण तीव्र झाले की गाडीचा आधार अरुंद होई आणि ती कलंडे. आस तसाच स्थिर ठेवून त्याच्या दोन टोकांना चाके वेगवेगळी वळवावीत, ही कल्पना अठराव्या शतकात इंग्लंडमधील डॉक्टर इरॅस्मस डार्विन यांना सुचली होती. उत्क्रांतीवाद मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनचे हे आजोबा. पुढे म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनस्पेर्गर या गाडी बनवणाऱ्या कारागिराने तशी यंत्रणा तयार केली. त्याच्या वतीने रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी १८१८ मध्ये लंडनला पेटंट घेतले. नाव राहिले ते अ‍ॅकरमनचे!

या रचनेमागे साधी भूमिती आहे. वळताना आतले चाक लहान वर्तुळावर आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळावर चालते. समजा, पुढच्या व मागच्या आसांत ४ मीटर अंतर आहे, पुढच्या दोन खिळींत १.६ मीटर आहे आणि वळणाचा मध्यबिंदू मागच्या आसाच्या रेषेत, आतल्या बाजूपासून ८ मीटरवर आहे. मग आतले चाक सुमारे २७ अंश आणि बाहेरचे सुमारे २३ अंश वळायला हवे. दोन्ही सारखीच वळली तर टायर रस्त्यावर घासत जातात.

कार्ल बेन्झ यांची १८८६ ची मोटार तीनचाकी होती, कारण चारचाकीच्या स्टिअरिंगचे समाधानकारक उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. ते त्यांना सापडले आणि १८९३ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. १९५४ मध्ये जमशेदपूरच्या टेल्को कारखान्याने डायम्लर-बेन्झशी करार केला आणि 'टाटा-मर्सिडीज' ट्रक भारतीय रस्त्यांवर आले. १९६९ मध्ये हा करार संपला. १९५० नंतर सातारा-सांगली भागात सहकारी साखर कारखाने उभे राहू लागले. ऊस, साखर, गूळ, हळद यांची वाहतूक वाढली, आणि अ‍ॅकरमनची भूमिती उसाच्या फडापर्यंत पोचली.

मात्र या सोयीची किंमत मोजावी लागली. एका खिळीच्या जागी दोन किंगपिन आले. त्यांना जोडणारा टाय रॉड, स्टिअरिंग बॉक्सचा आर्म, ड्रॅग लिंक असे अनेक सांधे आले. फडातला चिखल आणि पाणी ग्रीस धुऊन नेतात. किंगपिनभोवतीचे ब्राँझचे बुश झिजतात. चार सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर झीज झाली तर एकूण २ मिलिमीटर होते. चाकाजवळचा आर्म २० सेंटिमीटरचा असेल तर हा पुढच्या चाकाचा अर्ध्या अंशाहून थोडा अधिक प्ले झाला. स्टिअरिंग २५ अंश फिरवल्यावर पुढचे चाक १ अंश वळत असेल, तर ड्रायव्हरच्या हातातील ५० सेंटिमीटर व्यासाचे चाक ६ सेंटिमीटर फुकट फिरते! म्हणजेच हाताला जाणवतो तो प्ले सगळ्या सांध्यांची बेरीज असते. त्यातला कोणता सांधा किती दोषी, हे केबिनमध्ये बसून कळत नाही.

आता मिस्त्रीच्या हिसक्याकडे परत येऊ. वर-खाली धरलेले चाक डुलते, याची मुख्य कारणे दोन: चाकाचे बेअरिंग ढिले असेल किंवा किंगपिन झिजली असेल. ब्रेक दाबला की चाक स्टब आसाशी जखडले जाते आणि बेअरिंगचा प्ले लपतो. तरीही चाक हलले, तर दोष किंगपिनचा. हलायचे थांबले, तर बेअरिंगचा. एक कारण बाजूला ठेवून दुसरे तपासायचे, ही प्रयोगशाळेचीच रीत! नंतर ट्रक जमिनीवर उतरवून एकाने स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवायची. सांध्याचा एक भाग हलला आणि दुसरा हलला नाही, तर झीज तिथेच.

एक चुकीचा उपाय मात्र नेहमी मोह घालतो. स्टिअरिंग बॉक्स कसून आवळला की प्ले कमी झाल्यासारखा वाटतो, पण स्टिअरिंग जड होते आणि झिजलेला टाय रॉड तसाच राहतो. खंबाटकी किंवा कुंभार्ली घाटाच्या उतारावर तो सांधा निसटला, तर एक चाक आपल्या मनाने वळते. लक्षण झाकणे आणि कारण शोधणे यांतला फरक इथे जिवावर बेतू शकतो.

मोटारींत किंगपिनची जागा बहुतेक बॉल जॉइंटने घेतली असली, तरी ट्रकमध्ये ती आजही आहे. वर्गात पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्या घेऊन ही यंत्रणा करून पाहता येईल. सुरुवातीला भोके घट्ट ठेवावीत, नंतर एकेक भोक मोठे करावे. कोणते भोक मोठे केले हे न सांगता विद्यार्थ्यांना ते शोधायला लावावे. खऱ्या ट्रकखाली मात्र कोणीही नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नये, भक्कम ठोकळे हवेतच. आणि गावातल्या एखाद्या मिस्त्रीला वर्गात जरूर बोलवावे. त्याच्या बोटांना जे कळते ते विज्ञानच आहे, फक्त ते आपल्या पाठ्यपुस्तकात लिहिलेले नाही.