मनीचा जुना स्वभाव
पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठलं, उंदीर वाढले आणि त्यांच्यामागे रानमांजर माणसाच्या वस्तीत शिरलं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर संशोधकांना सापडलंय. इतकी जुनी ही सोबत! पण रानमांजर एकटं शिकार करणारं, आपली हद्द वासाने ओळखणारं. तोच स्वभाव आपल्या फ्लॅटमधल्या मनीत उतरलाय. म्हणून नवी पिल्लं आणली की ती फिस्कारते. तेवढ्यावरून तिला जिन्यात सोडू नका. पिल्लं काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. एकमेकांच्या अंथरुणाचा वास घेऊ द्या, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना खाणं ठेवा. मगच, थोडा-थोडा वेळ, समोरासमोर आणा. घर तिचंही आहे.