आवाजाची हमाली

गाणं लावलं की लॅपटॉपचा पंखा भणभणायला लागतो, ही तक्रार तुम्ही कधीतरी केली असेलच. टास्क मॅनेजर उघडावा तर वर ऑडिओची प्रोसेस ठाण मांडून बसलेली. आता साधं गाणं वाजवायला प्रोसेसरला एवढा घाम का फुटावा? तर मंडळी, त्यामागे थोडा इतिहास आहे.

१९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर कार्ड आलं. त्याच्यावर यामाहाची एक चिप असायची. प्रोसेसरने फक्त 'हा सूर वाजव' म्हणायचं, बाकी चिप बघून घेणार. सुखाचा संसार, पण कार्डाचे पैसे वेगळे.

मग १९९७ मध्ये इंटेलने एसी ९७ हे मानक काढलं. कल्पना हिशेबी होती. महागडं कार्ड काढून टाका, मदरबोर्डवर आकड्यांचा आवाज करणारी एक स्वस्त चिप बसवा आणि उरलेलं काम प्रोसेसरच्या गळ्यात घाला. आवाज जवळजवळ फुकट झाला!

या फुकटाची किंमत आम्हा यवतमाळकरांना चटकन कळेल. आमची (आता बंद पडलेली) शकुंतला रेल्वे ७६२ मिलिमीटरच्या रुळांवरून चालायची. मूर्तिजापूरला पोचलं की पुढची मेन लाइन १६७६ मिलिमीटरची. म्हणजे कापसाच्या गाठी या डब्यातून उतरवून त्या डब्यात भरायच्या. इथेही तसंच. सीडीवरच्या गाण्यात सेकंदाला ४४,१०० नमुने, पण एसी ९७ चा मूळ वेग ४८,०००. बऱ्याच स्वस्त चिपना तेवढा एकच यायचा. म्हणजे दर १४७ नमुन्यांचे १६० करायचे. विंडोज एक्सपीत ही हमाली केमिक्सर नावाचा भाग करायचा, आणि हमाल अर्थातच प्रोसेसर.

तरी ही हमाली तशी किरकोळ. खरा घोळ ड्रायव्हरचा. साउंडची चिप दर काही मिलिसेकंदांनी 'संपलं, अजून द्या' म्हणून प्रोसेसरला हाक मारते. याला इंटरप्ट म्हणतात. ड्रायव्हरने पटकन काम उरकून बाजूला व्हायचं असतं. पण तो गचाळ लिहिलेला असेल तर तिथेच रेंगाळतो आणि माउस, नेटवर्क सगळे त्याच्यामागे ताटकळतात. त्यात कहर म्हणजे, एक्सपीचा टास्क मॅनेजर हा वेळ 'सिस्टम आयडल प्रोसेस'च्या खात्यात टाकायचा! मशीन गोगलगाय झालेलं, आणि स्क्रीन म्हणते प्रोसेसर निवांत आहे. मला विचाराल तर गचाळ ड्रायव्हरपेक्षा हे वाईट.

मी लहान असताना घरी असेंबल केलेला पीसी होता. गाणं चालू असताना माउस हलवला की आवाज करकरायचा. दुरुस्तीवाले दादा आले, व्हायरस म्हणाले, फॉरमॅट मारला. मग म्हणाले रॅम वाढवा. बाबांनी वाढवली. लोडशेडिंगमधून उरलेल्या वेळात पुन्हा तीच करकर. दादांना तरी काय बोलणार? त्यांनाही तीच स्क्रीन दिसत होती. मार्क रुसिनोविच यांच्या प्रोसेस एक्सप्लोररमध्ये इंटरप्टचा वेळ वेगळा दिसायचा, पण यवतमाळात ते सांगणार कोण?

२००७ मध्ये व्हिस्टा घरोघरी आली. तिच्यात मायक्रोसॉफ्टने आवाजाचं बरंचसं काम कर्नलमधून बाहेर काढून साध्या प्रोसेसमध्ये आणलं. आज तुम्हाला दिसते ती हीच, ऑडिओ डीजी. त्याच वर्षी एक गंमत झाली. गाणं लावलं की नेटवर्क मंदावतं, असं लोकांच्या लक्षात आलं. खुलासा रुसिनोविच यांनीच केला. आवाज तुटू नये म्हणून व्हिस्टा गाणं चालू असताना मिलिसेकंदाला फक्त १० पॅकेट घ्यायची! गिगाबिट नेटवर्कवर ते लगेच जाणवायचं.

असो. विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरमध्ये 'सिस्टम इंटरप्ट्स' अशी वेगळी ओळ आली. पंखा भणभणला की आधी ती बघा. ती शांत असेल आणि ऑडिओ डीजी वर असेल तर साउंड सेटिंगमधली एन्हान्समेंट्स बंद करा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. तीच ओळ वर असेल तर मात्र एखाद्या ड्रायव्हरवर संशय घ्या. डिव्हाइस मॅनेजरमधून साउंड थोडा वेळ डिसेबल करून बघा. आकडा खाली आला तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर नव्याने टाका. रॅमचे पैसे एवढ्यात काढू नका :-)